पगारे बाई आणि छेदातला एक्स

कुठेही आडवी रेघ दिसली की पगारे बाई तिच्याखाली वाकून बघायच्या. मग ती कपडे वाळत घालायची दोरी असो, अर्धवट ओढलेलं दुकानाचं शटर असो की रेल्वे फाटकाचा दांडा. एकदा नाशिकरोडजवळच्या फाटकात आमचा टांगा अडकला. दांडा पडला होता आणि त्याच्याखालून एक गृहस्थ सायकल आडवी करून सरपटत निघाले होते. बाई टांग्यातून ओरडल्या, "अहो, छेदात शिरू नका! सगळं बिघडतं!" गृहस्थांना वाटलं, गाडीच आली. सायकल तिथेच टाकून ते जे पळाले ते थेट पानाच्या टपरीमागे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. आम्ही नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवत होतो, मी मराठी आणि त्या बीजगणित. समोर आलेली राशी बहुपदी आहे की नाही, हे ओळखणं हा बाईंचा धर्म होता. चलाचा घातांक पूर्ण संख्या असला पाहिजे, एवढाच तो नियम. पण बाई तो असा सांगतील तर शपथ! त्या म्हणायच्या, "एक्स कुठे बसलाय ते आधी बघा. ओळीत सरळ बसला असेल तर आपला. छेदात लपला, की गेला. वर्गमुळाच्या छपराखाली शिरला, की गेला." मग फळ्यावर छपराखाली दोन आणि बाहेर एक्स काढायच्या. छप्पर दिसलं की अख्खी नववी "नाही, बाई!" म्हणून ओरडायची, आणि बाई खडू आपटायच्या. "छपराखाली दोन आहे, दोन! एक्स बाहेर उन्हात उभाय. तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

शिक्षकांच्या खोलीतही हीच परीक्षा. पीटीचे सर कायम दुसऱ्याच्या आड, म्हणून छेदातले. मुख्याध्यापकांचं एकही काम पूर्ण होत नसे, म्हणून त्यांचा घातांक एक द्वितीयांश. मी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बहुपदी आहात सर, पण पदं फार. जरा आवरतं घ्या."

आमचं खरं भांडण जुंपलं ते एका शब्दावरून. समास शिकवताना मी बहु म्हणजे पुष्कळ, असं वर्गात सांगून बसलो होतो. चाचणीत बाईंनी विचारलं, नुसता सात ही बहुपदी आहे का? अख्ख्या नववीने लिहिलं, 'नाही, कारण पद एकच आहे.' एका मुलीने तर 'कारण'पुढे माझं नाव घातलं होतं.

बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन आल्या. "सर, तुमचा समास आवरा! सात म्हणजे सात गुणिले एक्सचा शून्य घात. एक्स आहे तिथे. दिसत नाही, एवढंच."

"जो दिसत नाही त्याला आम्ही मराठीवाले आहे म्हणत नाही," मी म्हणालो आणि आपल्याच विनोदावर खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत.

त्याच वर्षी संस्थेने आवारात शिक्षकांसाठी दोन-दोन खोल्यांची घरं बांधली. एक घर शिल्लक होतं आणि बाईंचा त्यावर भारी जीव. त्या देवळालीगावात भाऊ-वहिनींकडे राहायच्या. माणसं मायाळू, पण घरात नऊ जण. बाईंची ट्रंक जिन्याखाली आणि पेपर तपासायची जागा जिन्याची तिसरी पायरी. अडचण एकच होती. घर फक्त कुटुंबाला मिळणार होतं.

घरासाठी अर्ज मागवले, आणि दोन दिवसांनी वणीकडचे आमचे कारकून सदूभाऊ बाईंचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. चेहरा घाबराघुबरा. "सर, बाईंनी 'कुटुंबातील इतर व्यक्ती' इथं लिव्हलंय, एक्स, घातांक शून्य. हा एक्स कोन हे? बाईंकडं येतो का तो? कमिटीत लय बोभाटा होईल."

मी हसत हसत बाईंना गाठलं. नववीच्या रिकाम्या वर्गात त्या फळा पुसत होत्या.

"मी खोटं लिहिलेलं नाही, सर," त्या म्हणाल्या. "आई होती, बाबा होते. एका ठिकाणी ठरलंही होतं माझं, ते राहिलं. आज त्यातलं कोणी दिसत नाही. म्हणून मी एकटी कुटुंबच नाही का?" आवाज नेहमीचाच, वर्गातला. पण कोरा झालेला फळा त्या पुसतच राहिल्या. मला माझ्या त्या हसण्याची अशी लाज वाटली की काय सांगू.

घरं वाटायच्या कमिटीत शिक्षकांचा प्रतिनिधी मीच होतो. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "बहुपदीत एक पद चालतं. तसंच कुटुंबात एक माणूस चालतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "गुरुजी, मराठी तुम्ही शिकवता ना? बहु म्हणजे पुष्कळ."

"मी चुकीचं शिकवलं, साहेब. बरोबर काय ते गणिताच्या पुस्तकात आहे. आणि पुस्तक सरकारमान्य आहे."

सरकारमान्य म्हटल्यावर कोणाची बोलायची टाप नव्हती. घर मंजूर झालं. सदूभाऊंनी इतिवृत्तात वळणदार अक्षरात लिहिलं, 'श्री. एक्स यांच्याबाबत सभेची हरकत नाही.'

पुढच्या रविवारी बाईंनी मला चहाला बोलावलं. मी जिना चढून गेलो आणि दारापाशीच थांबलो. दारावर नवी पाटी होती, निळ्या रंगात, अजून ओली: 'पगारे कुटुंब'. इतकी वर्षं बहु म्हणजे पुष्कळ असं शिकवणारा मी, ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. वर्गात खडू आपटणाऱ्या त्या बाई आज चक्क लाजत होत्या.

"या ना सर," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पहिल्यांदाच कोणी पाहुणं येतंय."