शेकरूनं वही लावली

एका जंगलात तानूबा नावाचं एक शेकरू राहत होतं. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. एवढंही ठाऊक नसेल तर पोरांनो, शाळेत काय झोपा काढता?

शेकरूच्या जातीची एक रीत असते. राहायचं एका घरट्यात, पण बांधायची पाच-सहा. संकट आलं की पिल्लं तोंडात धरून दुसरं गाठायचं.

त्या साली वादळानं घरटी खिळखिळी केली. तानूबाची बायको सगुणी म्हणाली, "अहो, पिल्लांचे डोळे उघडले नाहीत अजून. मी हलत नाही. कुठलं घरटं पक्कं राहिलंय ते तुम्ही बघून या."

तानूबा फिरला. एक घरटं चांगलं पक्कं निघालं. घरी येऊन सांगायचं, विषय संपला. पण वाटेत भेटलं वानर. त्याच्याकडे पर्यटकांचा लांबवलेला टॅब.

तानूबा कशाला निघालाय ते ऐकून वानर म्हणालं, "तोंडी सांगणार? अडाणी कुठला! स्वतःची विकी कर. आयुष्याची वही. पानाला पान जोडलेलं. टिचकी मारली की हजर!"

झालं. तानूबा टॅब घेऊन फांदीवर बसला.

आधी वहीला रंग. हिरवा दिला, तो पानांत दिसेना. मग शेंदरी. मग गोल अक्षर, मग तिरकं. कोपऱ्यात स्वतःच्या शेपटीचं चित्र. जतन केली की वही दर वेळी नवीच प्रत काढायची. वह्याही पाच-सहा झाल्या. जात कुठे जाते?

"अहो, घरट्याचं काय झालं?"

"वहीत येतंय."

"तोंडानं सांगायला काय जीभ झिजते?"

"तसं नसतं सगुणे. माहिती एका जागी असावी."

एका सकाळी वर मोरघार घिरट्या घालू लागली.

"अहो, कुठलं घरटं? लवकर!"

"थांब, उघडतो." पहिली प्रत हिरवी निघाली. "ही जुनी गं." दुसरी शेंदरी. सावली फांदीवर आली. शेवटची उघडली. सोनेरी चौकटीत ठसठशीत मथळा : पक्कं घरटं. तानूबानं टिचकी मारली.

आत होतं, 'नंतर लिहू.'

आठवायला गेला, तर डोकं कोरं. वहीत लिहायचं म्हणून त्यानं डोक्यातनं कधीच काढून टाकलं होतं.

सगुणीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग एक पिल्लू तोंडात धरून उडी मारली. एक घरटं पायानं दाबलं, डगमगलं. पुढचं दाबलं, घट्ट. पिल्लू ठेवलं, परत आली, दुसरं नेलं.

मोरघार झेपावली, तेव्हा फांदीवर एकटा तानूबा. मान टॅबात. तिच्या पंजात आला शेपटीचा झुपका, बाकीचा कसाबसा निसटला.

"सगुणेऽऽ! कुठल्या घरट्यात आहेस गं?"

पानांआडून आवाज आला, "वहीत बघा!"

तात्पर्य : वही लावताना घाई करू नये. आधी रंग, मग अक्षर, मग चौकट. माहिती अगदी शेवटी. तोवर बिऱ्हाड हललेलं असतं, लिहायचा त्रासही वाचतो.