डुकराच्या पाठीवरचा हात

युलच्या, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या सणाच्या, जेवणात शपथेचं जिवंत डुक्कर आत आणेपर्यंत आस्दीस सात वेळा बाकावरून उठली होती, आणि सातही वेळा आईने "नीट बस" म्हणत तिला खाली ओढलं होतं. नऊ वर्षांची पोर, पण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

त्या डुकराची रीत अशी, की त्याच्या पाठीवरच्या राठ केसांवर हात ठेवून जे बोलाल ते तीन दिवसांत करून दाखवायचं. नाही जमलं, तर जन्मभर दाराशी कुत्र्यांशेजारी बसून जेवायचं. आस्दीसच्या बाबांची, ओर्मची, जीभ नेमकी अशा वेळी सैल सुटे. मागच्या युलला असंच बोलून बसल्यावर त्याने एकट्याने होडी टेकडीवर ओढून नेली होती आणि उन्हाळ्यापर्यंत तो वाकूनच चालला. म्हणून यंदा बायकोने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. गोठ्याचं छप्पर दुरुस्त करीन, एवढंच. पुढे एक शब्द नाही.

ओर्मने हात ठेवला आणि शहाण्यासारखं तेवढंच बोलला. समोरच्या बाकावरचा शेजारी केतिल फिस्सकन हसला.

"वा रे मर्दा. पुढच्या वर्षी काय, दूध तापवशील?"

ओर्मचे कान लाल झाले, तरी बायकोकडे पाहून त्याने हात काढून घेतला. आस्दीसला मात्र ते सोसेना. ती केव्हाच बाकाखालून सरकत बाबांपाशी पोचली होती आणि डुकराचे केस कुरवाळत होती.

"आमचे बाबा डोंगरावरच्या राक्षसाकडून छप्पर घालून घेतील," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. गावचा कायदा तोंडपाठ असलेल्या थोरग्रिमआजोबांनी बराच वेळ दाढी खाजवून निवाडा दिला. हात डुकरावर होता, म्हणजे शपथ झाली. पोर अजाण, म्हणजे ती बापाच्या गळ्यात. आईने कपाळाला हात लावला. केतिलने दाराजवळची जागा झाडून घ्यायला सांगितली.

आस्दीसला आता कळलं. बाबा कुत्र्यांशेजारी बसणार, आणि तेही तिच्यामुळे. दुसऱ्या दिवशी उजाडताच बापलेक डोंगर चढायला लागले. ओर्म वाटेत तिच्यावर एका शब्दानेही रागावला नाही, आणि त्याचंच तिला जास्त रडू येत होतं.

गुहेच्या तोंडाशी राक्षस डोकं धरून बसला होता. आत त्याचं बाळ किंचाळत होतं आणि दर किंकाळीसरशी कड्यावरून बर्फ कोसळत होता. ओर्मने चाचरत छपराचं सांगितलं. उत्तर राक्षसाच्या बायकोने दिलं.

"चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही हो आमच्या. याला निजवा, मग छप्पर काय, अख्खा गोठा बांधून देतील हे. नाही निजला, तर तुमचंच कालवण करू. चूल पेटलेलीच आहे."

होडीएवढा पाळणा साखळ्यांना टांगलेला होता. ओर्मने तो एकदा ढकलला आणि पाठ धरून खाली बसला. मग त्याने गाणं म्हटलं, तर बाळ आणखीच भेदरलं. राक्षसीण निमूटपणे कांदे सोलायला लागली.

"तू पाळण्याच्या त्या काठावर बस. आणि आईने सांगितलंय तशी नीट बस," ओर्म लेकीला म्हणाला. निदान ती तरी नजरेसमोर राहील, एवढाच त्याचा विचार.

आस्दीसने मनापासून प्रयत्न केला. दहा श्वास ती हलली नाही. मग तिचा एक पाय हलला, मग दुसरा, मग ती या काठावरून त्या काठावर जाऊन आली, आणि पाळणा झुलू लागला. बाळाची किंकाळी अर्ध्यावर थबकली. आस्दीस दुपारपर्यंत थांबली नाही, कारण थांबणं तिला येतच नव्हतं. बाळ झोपलं, पण त्याआधी राक्षस घोरायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी राक्षसाने अख्खी झाडं आणून गोठ्यावर छप्पर घातलं. खुंट्या हातात द्यायला त्याने नेमकं केतिललाच बोलावलं, आणि केतिलने त्या डोळे मिटून एकेक करून दिल्या. ओर्म आपल्या जागेवर बसून जेवला.

पुढच्या युलला डुक्कर आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी आई उठली. केसांवर हात ठेवून म्हणाली, "हे तीन दिवस मी या पोरीला नीट बस म्हणणार नाही."

एवढीशी शपथ ऐकून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आस्दीस कोंबडीमागे आढ्यावर चढली. आईने ओठ घट्ट मिटले, भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, आणि तो गिळून झाल्यावर ओर्मला हळूच विचारलं, की दाराशी कुत्र्यांजवळ ऊब बरी असते का.