ठमाकाकूंची चढण आणि कुंकू लावलेला कॅल्क्युलेटर

एका जंगलात, बरं का मुलांनो, एक नदी होती. जंगल म्हटलं की नदी असायचीच, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की त्या जंगलाची नुकतीच प्रगती झाली होती. प्रत्येक कामाला एक समिती होती. प्रत्येक समितीला एक अध्यक्ष होता. कामं मात्र होती तिथेच होती.

त्या नदीत ठमाकाकू नावाच्या एक कासवीणबाई राहत असत. वयानं मोठ्या, स्वभावानं गरीब, चालायला हळू. कासवच त्या, त्यात हसण्यासारखं काय आहे?

काकूंना एकच दुःख होतं. दरवर्षी त्या काठावरच्या वाळूत अंडी घालायच्या, आणि अंडी फुटायच्या आधीच नदीचं पाणी चढायचं. वाळू जायची, वाळूबरोबर अंडीही जायची. दरडीच्या माथ्यावर कोरडी, ऊबदार माती होती. तिथे पाणी कधीच पोचत नसे. पण दरड भिंतीसारखी उभी, चांगली पाच हात उंच. काकू चढायला लागल्या की अर्ध्यावरून घसरून उताण्या पडायच्या. मग कोणीतरी येऊन सरळ करेपर्यंत आभाळ बघत पडून राहायचं. एकदा तरी आपली पिल्लं पाण्यात उतरताना डोळ्यांनी बघावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून काकूंनी वाघमहाराजांकडे अर्ज केला. दरडीला मातीची एक चढण करून द्यावी, बाकी काही नको. महाराज मनानं मोठे. त्यांनी अर्ज ताबडतोब चढण समितीकडे पाठवला. चढण समिती नव्हती, म्हणून तीही ताबडतोब नेमली.

अध्यक्ष झाले पिसारेसाहेब. ते मोर होते. सचिव झाले काटदरे. ते साळिंदर होते आणि गावातल्या शाळेच्या कुंपणाखाली बीळ करून राहिल्यामुळे त्यांच्या कानावर बरंच गणित पडलेलं होतं. काटदरे म्हणाले की काकूंचे पाय घसरू नयेत म्हणून चढ तीस अंशांचा हवा, चढणीची लांबी दहा हात धरू, आणि मग उंची किती हे काढायला साईन लागते. साईन काढायला कॅल्क्युलेटर लागतो.

काकू म्हणाल्या की उंची पाच हात आहे, दरड समोरच आहे, कोणीही येऊन बघावं. पिसारेसाहेबांनी त्यांना समजावलं की नुसतं दिसणं वेगळं आणि हिशेबानं येणं वेगळं. काकूंना ते पटलं नाही, पण साहेबांनी पिसारा फुलवला होता आणि फुललेल्या पिसाऱ्यापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती.

आता कॅल्क्युलेटर आणायचा कुठून? जंगलात झडपेबाई नावाची एक घार होती. ती शहरातून वस्तू आणायची. कशा आणायची, ते विचारायचं नाही. तिनं तीन कॅल्क्युलेटर आणून समितीपुढे मांडले.

पहिला साधा होता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. तो उन्हावर चालायचा. समितीत एक घुबड होतं, त्यानं लगेच हरकत घेतली, की उन्हावर चालणाऱ्या यंत्राचा निशाचरांना उपयोग काय? साधा बाद झाला.

दुसरा सायंटिफिक होता. त्यात साईन होती, कोसाईन होती, वर्गमूळ होतं. काटदरे हळूच म्हणाले की आपलं काम यात होईल. पण काम यात होईल, एवढंच त्याचं कौतुक होतं, आणि तेवढ्यावर समितीचं समाधान होईना.

तिसरा ग्राफिक होता. त्याला मोठा पडदा होता आणि तो आलेख काढायचा. झडपेबाईंनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर एक वळणदार रेषा उमटली. ती वर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची. साहेबांना तिच्यात स्वतःच्या मानेचा डौल दिसला. ते बराच वेळ बघत राहिले.

तरी निर्णय एका बैठकीत झाला नाही. तसं केलं तर बैठकींना कोण विचारणार? कोणी बटणं मोजली. कोणी विचारलं की पावसात चालेल का. कोणी म्हणालं, आज चढण आहे, उद्या जंगलाला उपग्रह सोडायचा झाला तर पुन्हा नवा घ्यायचा का? हा मुद्दा सगळ्यांना पटला. ग्राफिक घ्यायचा ठरला. मोबदला काय दिला ते मी सांगणार नाही, पण त्या साली जंगलात उंदीर कमी दिसत होते.

हे सगळं ठरेपर्यंत नदीला पाणी चढलं. त्या वर्षीची अंडी गेली. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं, की योग्य यंत्राची निवड झाली असून आपलं अभिनंदन.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो की नाही? जंगलातही करतात. नव्या कॅल्क्युलेटरची झोकात पूजा झाली. झेंडूची माळ घातली. पडद्याच्या मधोमध कुंकू लावलं तर आलेख दिसणार नाही, म्हणून विचार करून ते कोपऱ्यात लावलं. मग शुभ म्हणून प्रत्येक मान्यवरानं एकेक बटण दाबलं. रानगव्यानं खुरानं दाबलं, त्यामुळे एकदम चार दबली.

आता नीट ऐका. त्या कोपऱ्यात एक बारीकसं अक्षर असतं. कोन अंशांत मोजायचा की रेडियनमध्ये, ते त्या अक्षरावरून कळतं. कोन मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि एकीचं तीस म्हणजे दुसरीचं तीस नव्हे. मान्यवरांच्या बटणांत यंत्राची पद्धत बदलली आणि ते रेडियनवर गेलं. अक्षरही बदललं, पण ते कुंकवाखाली होतं. कुंकू पुसून बघायचं धाडस कोण करणार?

काटदऱ्यांनी आंघोळ करून हिशेब केला. तीसची साईन, गुणिले दहा. उत्तर आलं उणे नऊ, आणि पुढे पुष्कळ आकडे.

काटदऱ्यांनी पुन्हा केलं. पुन्हा उणेच. त्यांच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. आपण ऐकलेलं गणित बहुधा जुनं झालं असावं, असं त्यांना वाटलं, आणि ते गप्प बसले.

साहेब मात्र गडबडले नाहीत. ते म्हणाले, अधिक म्हणजे वर आणि उणे म्हणजे खाली, यात न समजण्यासारखं काही नाही. दरडीच्या पायथ्याशी जवळजवळ दहा हात खोल खड्डा खणावा, असं यंत्राचं म्हणणं आहे.

ठमाकाकू हळूहळू चालत पुढे आल्या.

"साहेब, मला वर जायचंय."

"काकू," साहेब म्हणाले, "यंत्रात तीनशे पायऱ्यांचं गणित मावतं. तुमचं ऐकू की त्याचं?"

मग त्यांनी काकूंना पडद्यावरची ती वळणदार रेषा दाखवली. आत्ता तुम्ही इथे आहात, रेषेच्या तळाशी. आणि पुढे बघा, रेषा वर चाललीय. काकूंनी बघितलं. पुढे ती पुन्हा खाली आलेली होती, पण तिथपर्यंत साहेबांनी दाखवलं नाही.

कामाला रानडुकरं लावली. त्यांनी मुसंडी मारून खणायला सुरुवात केली. उपसलेली माती लांब नदीपलीकडे नेऊन टाका, असं काही कोणी सांगितलं नव्हतं, आणि रानडुकरं न सांगितलेलं काम करत नाहीत. त्यांनी माती शेजारीच, दरडीला लागून टाकली. वर गवतात लोळायला जाताना ती त्याच ढिगावरून जायची आणि खाली यायची. ढीग वाढत गेला आणि तुडवून तुडवून घट्ट झाला. खड्डा पुरा झाला तेव्हा ढीग दरडीच्या माथ्याला टेकला होता.

काकूंनी ढिगाकडे बघितलं. एक पाय ठेवून बघितला. घसरला नाही. दुसरा ठेवला. वाटेत दोनदा थांबल्या, दम खाल्ला, आणि संध्याकाळच्या सुमारास वर पोचल्या. माथ्यावरच्या ऊबदार मातीला त्यांनी आधी नुसतं तोंड लावलं. उन्हाळा आला तेव्हा त्यांनी तिथेच अंडी घातली. इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

समितीच्या कानावर गेलं की काकू वर पोचल्या. म्हणजे योजना यशस्वी झाली. कोणत्या वाटेनं पोचल्या, हा तपशिलाचा भाग होता. साहेबांनी खड्ड्याच्या उद्घाटनाचा समारंभ ठेवला. महाराज आले. कॅल्क्युलेटर चौरंगावर ठेवला. साहेबांचं भाषण झालं, ते फार सुंदर दिसलं. मग गव्यानं नारळ फोडला. तो त्यानं आपल्या ताकदीनं फोडला, त्यामुळे पाणी थेट यंत्रावर उडालं आणि कोपऱ्यातलं कुंकू वाहून गेलं.

काटदरे पुसायला पुढे झाले आणि तिथेच थबकले. त्यांना ते अक्षर दिसलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, आणि त्यांचा चेहरा पडला. शेजारी सत्काराचा हार घालून ठमाकाकू बसल्या होत्या. काटदऱ्यांनी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. यंत्र भलत्याच पद्धतीवर राहिलं होतं. उत्तर अधिक पाच होतं. खड्डा चुकीचा आहे. हे आत्ताच्या आत्ता जाहीर केलं पाहिजे.

"जाहीर केल्यावर काय होईल?" काकूंनी विचारलं.

"चूक दुरुस्त होईल," काटदरे म्हणाले. "ही माती खड्ड्यात परत टाकतील. जमीन होती तशी होईल. मग नवीन समिती बसेल आणि बरोबर उंचीची चढण मंजूर होईल."

"कधी?"

काटदरे खरं बोलणारे होते, म्हणून काहीच बोलले नाहीत.

काकूंनी माथ्याकडे बघितलं. अंडी फुटायला अजून अवकाश होता. पिल्लं बाहेर पडतील, काठापर्यंत येतील, आणि खाली ढीग नसेल. पाच हात खाली नुसते दगड असतील. काटदरे तोंड उघडून उभे राहतच होते.

तेवढ्यात साहेबांनी पुकारलं, की आता लाभार्थी ठमाकाकू दोन शब्द बोलतील. काकू उठल्या. त्यांना चौरंगापर्यंत जायला वेळ लागला, पण त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी लागला.

"मला बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "कुंकवाचं ताट द्या."

त्यांनी कुंकवाचा चांगला जाड ठिपका घेतला आणि यंत्राच्या कोपऱ्यात, नेमका त्या अक्षरावर, दाबून लावला. वर आणखी एक लावला. मग हात जोडून म्हणाल्या, "याचं कुंकू कोणी पुसू नये, एवढीच माझी विनंती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कित्येकांना गहिवरून आलं. महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, की या यंत्राचं कुंकू पुसणाऱ्याला जंगलाबाहेर घालवण्यात येईल. काटदऱ्यांनी तोंड मिटलं. ते खाली बसले आणि त्यांचे काटेही हळूहळू खाली बसले.

यथाकाल अंडी फुटली. नदीला पाणी चढलेलं होतं. पिल्लं ढिगावरून गडगडत, धडपडत उतरली आणि एकेक करून पाण्यात शिरली. ठमाकाकू सगळ्यांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटचं पिल्लू उतरेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्या मोकळेपणानं रडल्या.

यंत्र अजूनही वापरात आहे. मध्यंतरी महाराजांनी आपल्या सिंहासनाच्या पायऱ्यांचा हिशेब त्यावरच करून घेतला. चढ तीस अंशांचाच होता. हल्ली महाराज खड्ड्यात बसतात. तिथून त्यांना सगळी प्रजा वर आलेली दिसते, त्यामुळे ते राज्यकारभारावर खूष आहेत.

तात्पर्य: कॅल्क्युलेटर घेताना बटणं मोजून घ्यावा आणि त्याची पूजा यथासांग करावी. उत्तर चुकलं तरी घाबरू नये. फक्त उपसलेली माती जवळच टाकावी, आणि ती चूक दुरुस्त करायला कोणी आलंच, तर कुंकवाचं ताट तयार ठेवावं.