पिठात उमटलेला पूर्वज

टिंग!

बाळ झोपल्यावर घरात जी सोन्यासारखी शांतता पसरते, तिला तडा गेला. विनिफ्रेड पर्डीबाईंच्या मिरवणुकीच्या पोशाखाचं बटण तुटलं आणि थेट बीन्सच्या पातेल्याच्या झाकणावर जाऊन आदळलं. गस दचकून उठला आणि त्यानं भोकाड पसरलं.

"खा अजून बिस्किटं!" पर्डीबाईंनी स्वतःलाच सुनावलं. "मार्नी, पिन दे गं एक."

मार्नीनं गसला काखेत मारलं आणि मोकळ्या हातानं सासूबाईंची कंबर आवळली. उद्या राजनिष्ठांच्या वंशजांची मिरवणूक होती. अमेरिकेत इंग्रज राजाविरुद्ध बंड झालं तेव्हा राजाची बाजू घेतली म्हणून ज्यांना घरंदारं सोडून सीमेपलीकडे या नदीकाठी यावं लागलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची. सगळ्यांत पुढे यंदा पर्डीबाई चालणार होत्या. चर्चमध्ये, दुकानात, फेरीबोटीवर, जिथं माणूस भेटेल तिथं त्यांनी हे सांगून ठेवलं होतं.

अडलं होतं ते एका पूर्वजापाशी. बाळाच्या झोपेतून वेळ चोरून मार्नी मागे मागे जात एझ्रा पर्डीपर्यंत पोचली होती. पण हा एझ्रा कधी आला, कुठल्या जहाजानं आला, काही पत्ता लागेना. वंशजांच्या मंडळाच्या कॉर्डेलिया हॅनफोर्ड आज दुपारी त्याची कुरणातली कबर बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की काम फत्ते.

"अहो आई, मी जरा कबरीचा दगड पुसून ठेवू का?"

"काही नको!" पर्डीबाई एकदम म्हणाल्या. "शेवाळ आहे नुसतं. अक्षर दिसत नाही एक. तू आपली घरात बस."

बिचाऱ्या, किती काळजी करतात आपली, असं मार्नीला वाटलं. त्यांना चकित करायचं म्हणून गसची गाडी, पाच वर्षांची टिली आणि पिठाचा डबा घेऊन ती गुपचूप कुरणात गेली. झिजलेल्या दगडावर पीठ चोळलं की अक्षरं उठून दिसतात, ही वंशावळवाल्यांची युक्ती तिला ठाऊक होती. दगडापुढे जंगली गुलाबाचं झुडूप माजलं होतं. ते बाजूला बांधून तिनं शेवाळ खरवडलं, पीठ चोळलं, फडकं फिरवलं.

"एझ्रा पर्डी!" मार्नी आनंदानं ओरडली. मग खालची ओळ उमटली.

'जुलमी राजाच्या फौजेशी निधड्या छातीनं लढला.'

मार्नीनं ती ओळ पुन्हा वाचली. पूर्वज सापडला होता खरा, पण बंडवाल्यांकडचा! उद्या अख्ख्या गावासमोर सासूबाईंचं नाक कापलं जाणार, आणि तेही सुनेच्या हातून. तिनं घाईघाईनं पीठ पुसायला घेतलं, आणि नेमकी पावसाची भुरभुर सुरू झाली. पिठाची झाली खळ. जितकं पुसावं तितकी ती अक्षरांत बसायला लागली. आता तर 'जुलमी' हा शब्द रस्त्यावरूनसुद्धा वाचता आला असता.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. मार्नीनं गसचं दुपटं दगडावर टाकलं. वाऱ्यानं ते उडवलं. शेवटी ती स्वतःच हात पसरून दगडाला कवटाळून उभी राहिली.

"हे काय, मिठी मारलीस की काय पूर्वजाला?" कॉर्डेलियाबाई छत्री सावरत आल्या. मागून स्कर्ट उचलून, पिना सांभाळत पर्डीबाई धापा टाकत येत होत्या.

"दगड... ओला आहे हो," मार्नी म्हणाली.

टिली नुकतीच वाचायला शिकली होती आणि दिसेल ते वाचत सुटायची. आईच्या काखेखालून डोकं घालून तिनं सुरू केलं, "जु-ल-मी... रा-जा-च्या..."

कॉर्डेलियाबाईंनी मार्नीला हळूच बाजूला सारलं आणि उरलेलं स्वतः वाचलं.

"हुश्श!" पर्डीबाईंनी पटापटा पिना उपसल्या आणि छाती भरून श्वास घेतला. "सुटले बाई एकदाची!"

"आई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग ते काटेरी झुडूप मी हौसेनं लावलं का? लग्न झालं तेव्हाच सासूनं कानात सांगितलं होतं. राजनिष्ठांना फुकट जमीन मिळतेय म्हणून त्यांच्यात घुसून आला मेला. जन्मभर तोंड मिटून राहिला आणि मेल्यावर दगडावर कोरून घेतलं! कॉर्डेलिया, तू चर्चमध्ये चारचौघांत विचारलंस, 'तुम्ही राजनिष्ठच ना?' माझ्या तोंडून 'हो तर' निघून गेलं. तेव्हापासून झोप नाही मला."

कॉर्डेलियाबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण छत्रीच गदगदा हलायला लागली. "अगं, मग आधी बोलायचं नाही का? आणि मार्नी, तू नदीच्या वरच्या अंगाच्या हाल्बर्टांची ना? ते तर राजनिष्ठांच्या पहिल्या गलबतांतून आलेले. बंडवाल्यांनी घरं जाळली होती त्यांची. तू कधी शोधलं नाहीस?"

मार्नीनं मान हलवली. सासरचा एकेक दगड पालथा घातला होता तिनं. माहेरचं बघायला बाळ कधी तेवढं झोपलंच नव्हतं.

"मग उद्या पुढे तीच चालेल," पर्डीबाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे त्यांनी वरचा झगा उतरवून सुनेच्या अंगावर धरला. "अगदी मापात बसतोय बघ! मी येते मागून गसची गाडी ढकलत. सैल कपड्यांत!"

दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून चहाला घराकडे निघाल्या. मार्नीनं झगा खांद्यावर टाकला. तिच्याही छातीवरचा धोंडा उतरला होता. टिली मात्र दगडापाशीच उभी होती, पिठाचं बोट चोखत.

"मम्मा, पप्पाच्या आजोबांनी तुझ्या आजोबांचं घर जाळलं?"

"त्यांनीच असं नाही गं... पण त्यांच्या बाजूच्यांनी."

"मग सॉरी कोणी म्हणायचं? पप्पानं की मी?"