चाळिसावा जंतू

साडेतीनला सुटायचं आणि चारला पेट्रोलपंपावर पोचायचं, असा बाईंचा बेत होता. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर. सात महिन्यांनी या वाटेनं जाणार आणि पंपावर अर्धा तास थांबणार. अर्धाच तास! आठवडाभर बाई तेवढ्यावर जगत होत्या.

नडला तो जंतू. बाईंचं संशोधन म्हणजे जंतूंना विषाणू लावायचा आणि कोण कधी फुटतो ते भिंगाला डोळा लावून टिपायचं. विषाणू एकच, जंतू एकाच जातीचे. पण आत शिरल्यावर विषाणूची जनुकं आपल्या लहरीनं जागी होतात. मग कुणी पन्नास मिनिटांत फुटतो, कुणी सत्तर. बाईंनी सरासरी धरून वेळ ठरवली आणि तिथंच फसल्या. साडेतीनपर्यंत एकोणचाळीस फुटले. चाळिसावा ढिम्म.

"सोडा की त्याला," शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञ काका म्हणाले.

"अहो काका, उशीर करणाऱ्यालाच सोडलं तर मी इथं करते काय?"

चार वाजता नवऱ्याचा फोन. "पोचलोय. कुठंयस?"

"एक फुटायचा राहिलाय रे."

"आणि मी सात महिने राहिलोय, त्याचं काय?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता भिंगातून दिसणार काय, कपाळ! खड्ड्यात गेला जंतू! काकांना भिंगाशी बसवून त्या जवळच्या पायवाटेनं धावत सुटल्या. फोन टेबलावरच राहिला.

पंपावर ट्रेलर नाही. "ते? आत्ताच गेले, बायकोला भेटायला," पंपावरचा माणूस म्हणाला.

बाई उलट पावली पळाल्या. प्रयोगशाळेच्या गल्लीत ट्रेलर अडकलेला, मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि काका रस्त्यात उभे राहून गाड्या मागं घ्यायला लावतायत. मग भिंगाशी कोण?

नवरा. पाठमोरा, श्वास रोखून बसलेला.

"आले रे," बाई धापा टाकत म्हणाल्या.

तो गर्रकन वळला. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. बाईंनी त्याला डोळे भरून पाहिलं. मग दोघं एकदमच भिंगाकडे वळली. चाळिसावा फुटून गेला होता.

"कधी फुटला?"

"तू आलीस तेव्हाच ग! तोवर पापणी लववली नव्हती मी, आईशपथ!"

बाई हसता हसता रडल्या. खाली हॉर्न थांबेनात. त्याचा हात धरून त्या फाटकापर्यंत गेल्या.

परत येऊन त्यांनी वही उघडली. चाळिसाव्यापुढं लिहिलं, 'नोंद नाही. कारण : नवरा आला.' ट्रेलरचा आवाज गल्लीतून लांब लांब जात होता. तो ऐकू येईनासा झाल्यावर बाईंनी शेवटचा शब्द खोडला आणि 'गेला' लिहिलं.