कुलरमधली रेकॉर्ड

कुलर लावायचा कंटाळा हा रत्नदीप थूलच्या स्वभावातला सगळ्यात भरवशाचा भाग होता. त्या भरवशावरच त्यानं आपली सगळ्यात मोलाची वस्तू ठेवली आणि फसला.

वस्तू म्हणजे एक रेकॉर्ड. विलायती हेवी मेटल बँडची, पहिल्या छपाईची, शौकीन लोक जिच्यासाठी जीव टाकतात तसली. (बँडचं नाव इथं देत नाही, थूलांच्या घरात ते आईसमोर घेता येत नाही.) नागपूरच्या हॉस्टेलात रत्नदीप आणि विवेक यांनी हा अल्बम कॉपीची कॉपी मारलेल्या कॅसेटवर ऐकला होता. त्यात गिटारपेक्षा पंख्याची घरघर जास्त होती, तरी दोघांनी माना हलवून हलवून मेसच्या वरणात केस बुडवले होते. तेव्हा केस होते. आता सेलूच्या एका कार्यालयात बाबू झालेल्या रत्नदीपच्या डोक्यावर ते कानापुरते उरले होते, पण तो अल्बम एकदा तरी खराखुरा ऐकायची हौस मात्र तसूभर कमी झाली नव्हती.

रेकॉर्ड मिळाली, पण ती वाजवायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. ते होतं विवेककडे, नागपूरला. रविवारी विवेक ते गाडीत घालून आणणार होता. प्रश्न तोवर रेकॉर्ड ठेवायची कुठं, एवढाच होता. कारण कव्हरवर एक शिंगवाला सांगाडा जळत्या सिंहासनावर बसून हसत होता, आणि 'घरात यापुढे हाडकंवालं एकबी चित्र येणार नाई' असा शब्द रत्नदीपनं मयुरीला लग्नानंतर दिला होता. त्याच्या कवट्यांच्या टी-शर्टांचे तिनं कधीच फरशी पुसायचे पोछे केले होते.

कपाट मयुरीचं, दिवाण आईचा, माळा उंदरांचा. मग रत्नदीपला मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली बसलेला कुलर आठवला. दरवर्षी उन्हाळा तापून घराची भट्टी झाली, मयुरीनं बोलणं टाकलं, की मग कुठं तो कुलर खिडकीत चढायचा. म्हणजे आपण हात लावेपर्यंत कुलरला कोणी हात लावत नाही. त्यानं रेकॉर्ड कुलरच्या कोरड्या टाकीत उभी केली, वर चादर घातली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी समुद्रपूरला निघून गेला.

परत आला तो एसटीत भाजून निघालेला. घरात पाऊल टाकलं आणि अंगावर वाळ्याच्या वासाची गार हवा आली. त्यानं आधी स्वयंपाकघरात जाऊन माठावरचा पेला उचलला, झाकण काढलं, घटाघट पाणी प्यायला, झाकण ठेवलं, पेला ठेवला आणि येऊन कुलरसमोर पसरला.

"वा," तो डोळे मिटून म्हणाला. "याले म्हणते सुख. कोणी लावला वं?"

"मीच लावला. मिस्त्री बलावला," मयुरी म्हणाली. "तुमची वाट पाहत बसली असती तं पोरा-नातवायनं लावला असता."

रत्नदीपचे डोळे उघडले. कुलर म्हटला की खिडकीत बाजूला फट राहते, आणि फट राहिली की तिथं गत्ता, म्हणजे पुठ्ठा, खोचतात. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. या खिडकीतही एक चौकोनी गत्ता खोचला होता. रत्नदीप चपला न घालता बाहेर गल्लीत धावला. सांगाडा खिडकीत बसून अख्ख्या गल्लीकडे पाहून हसत होता.

"तो गत्ता कोणाचा हाय?" त्यानं आत येऊन, तळपाय चोळत, अगदी सहज विचारलं.

"कुलरमधे होता. जुना माल पडला असन कोणाचा. तुमचा तं नसन, तुम्ही मले शब्द देल्ला हाय."

"माझा काऊन असन?"

"तेच म्हणते मी. चित्राचं तोंड बाहेर केलं. शेजारच्या काकूच्या पापडावर आता वानरंबी येऊन नाई राह्यले. लय खूश हायेत काकू."

रत्नदीप खिडकीजवळ सरकला. "आतमधे काई होतं का त्याच्या?"

"एक काळी प्लेट होती. तिच्यानं गत्ता फटीत जाऊन नोता राह्यला. आईनं घेतली काढून."

आणि आई, म्हणजे अन्नपूर्णाबाई, लेकीकडे हिंगणीला गेल्या होत्या. तिकडे त्यांचा फोन लागत नसे. लागला तरी त्या तो उचलत नसत.

मग रत्नदीपनं शोध सुरू केला. दिवाणाखाली शोधलं, पिठाच्या डब्यामागे शोधलं, आईच्या पेटीत नाक खुपसून डांबरगोळ्यांनी शिंका काढल्या. माळ्यावर चढला तेव्हा उंदरांनीच घाबरून जागा सोडली. ऊन असं, की गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बादली वाकडी झालेली. तिथं रेकॉर्डचं काय झालं असेल या विचारानं त्याच्या घशाला कोरड पडे. मग तो उठे, पेला उचली, झाकण काढी, पाणी पिई आणि पुन्हा शोधायला लागे. "काय हरवलं?" असं मयुरी मधूनमधून विचारी. "नेलकटर," तो सांगे. ते तिनं त्याच्या हातात आणून दिलं, तरी त्याचा शोध चालूच राहिला.

रविवारी आई हिंगणीहून आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ यंत्र छातीशी धरून विवेक. रत्नदीपनं त्याला दारातच गाठलं.

"रेकॉर्ड नाई हाय बे," तो कुजबुजला.

"काय बे," विवेक मटकन खुर्चीत बसला. "काकू, पाणी द्या जरा."

अन्नपूर्णाबाईंनी पेला उचलला आणि झाकण बाजूला केलं. विवेक पाणी प्यायचं विसरला. तो उठला, त्यानं झाकण दोन्ही तळव्यांत, नुसत्या कडांनी, नवं बाळ घ्यावं तसं घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"अबे," तो म्हणाला, "पहिल्या छपाईची हाय."

"त्याच्या मधात भोक हाय," अन्नपूर्णाबाई जरा ओशाळून म्हणाल्या, "पण पेला ठेवला का मुंगी जात नाई. रोज साबणानं धुवाले सांगून गेलती मी सुनेले."

विवेकनं रेकॉर्ड तिरपी करून पाहिली. वाकणं नाही, ओरखडा नाही. तेवढ्या उन्हात अख्ख्या घरात ती सरळ राहील अशी गार जागा एकच होती, आणि आईंनी तिला नेमकी तिथं ठेवली होती. रत्नदीपला आनंदानं रडू यायचंच बाकी होतं.

"कोणाची हाय हे प्लेट?" मयुरीनं विचारलं.

"विवेकची," रत्नदीप पटकन म्हणाला. पकडलं गेलं तर विवेकचं नाव सांगायचं, हा बेत जुनाच होता.

विवेकनं त्याच्याकडे पाहिलं, मग रेकॉर्डकडे पाहिलं. मैत्री जुनी होती, पण छपाई पहिली होती. "हो वहिनी, माझीच. जाताना घेऊन जातो. तो खिडकीतला गत्ताबी काढून द्या."

रत्नदीपच्या तोंडाचं पाणी पळालं. इतकी वर्षं वाट पाहिलेली रेकॉर्ड त्याच्याच घरातून, त्याच्याच शब्दानं, नागपूरला निघाली होती.

"माझी हाय," तो म्हणाला. "मयुरी, माझी हाय. शब्द मोडला मी. कुलरमधे मीच लपवली."

"ते मले चादर काढली तवाच समजलं," मयुरी शांतपणे म्हणाली. "कुलरमधे लपवाचं दुसऱ्या कोणाले सुचन?"

"मंग सांगितलं काऊन नाई? मी माळ्यावर चढलो."

"पाहून राह्यलती मी. माळ्यावरून उतरले का माठाकडे, दिवाणाखालून निघाले का माठाकडे. झाकण उचलून पाणी पेत होते न् झाकणच शोधत होते. असं मनोरंजन घरात दुसरं काय हाय?"

विवेक इतका हसला, की यंत्राची सुई ठेवायच्या आधी त्याला दोनदा थांबावं लागलं. मग गिटार कडाडली. कुलरच्या घरघरीमुळे आवाज थेट हॉस्टेलातल्या कॅसेटसारखा वाटला, आणि दोघं टकले डोळे मिटून माना हलवू लागले. मयुरी तोंडाला पदर लावून हसत होती, पण पाय तिचाही हलत होता.

"याचं पोट दुखून राह्यलं का?" अन्नपूर्णाबाईंनी गाणाऱ्याबद्दल काळजीनं विचारलं. तरीही त्या शेवटपर्यंत बसल्या.

सुई उचलली गेली. घर शांत झालं. रत्नदीपचा चेहरा पोटभर जेवल्यासारखा दिसत होता. त्यानं रेकॉर्ड हळूच हातात घेतली आणि आता ही काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावावी का, असं घरच्यांना विचारायला तोंड उघडलं.

"झालं असन गाणं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "तं झाकण धुऊन ठेवजो. माठ कवाचा उघडा पडला हाय."

रत्नदीपनं ते कडांनी धरून, साबण लावून, नीट धुतलं आणि माठावर ठेवलं. वर पेला मयुरीनं स्वतः ठेवला.