सहा मिनिटं चाळीस सेकंदांची दुपार

चंद्रभागाबाईंचा दुसरा ड्रम काठोकाठ भरला तरी गाणं संपेना, तेव्हा रांगेतल्या लोकांनी पहिल्यांदाच माना वर करून स्पीकरकडे पाहिलं. एरवी त्या स्पीकरकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. सगळ्यांचे डोळे पाइपावर असत.

हे पाण्याचं आणि गाण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. सिरसाळ्याहून आत वळलं की हिवरवाडी लागते. गावात पाणी वापर सहकारी संस्था आहे. कालव्याचं पाणी सगळ्यांनी वाटून घ्यावं म्हणून ती काढली. पण कालव्यात तीन वर्षांत शेळ्यांशिवाय दुसरं काही उतरलं नाही, तेव्हा संस्था उन्हाळ्यात टँकर वाटते. शाळेपुढे टँकर उभा राहतो. पाइप एक आणि एका खेपेला घरं अठ्ठावीस. पहिल्या उन्हाळ्यात पाळी घड्याळावर होती, घराला तीन मिनिटं. पण प्रत्येकाच्या मनगटावर वेगळीच वेळ, आणि चेअरमन सुंदररावांचं घड्याळ तर त्यांच्या भावकीची पाळी आली की दम खायला बसायचं. डोकी फुटायची वेळ आली तेव्हा संस्थेचा सेक्रेटरी राधाकिशन सभेत उठून म्हणाला, "एका घराला एक गाणं लावू. गाणं समद्यांना ऐकू येतं. संपलं की पाळी संपली. अन् गाण्याला काय भावकी नसती."

ठराव मंजूर झाला. आधी एकच गाणं ठरलं. रोज अठ्ठावीस वेळा असं आठ दिवस ते ऐकल्यावर चेअरमनची बायको सावित्रीबाई म्हणाल्या, "पाणी नको, पण ह्या बाईला गप करा." मग वेगवेगळी जुनी गाणी लावली, तर कुठलं गाणं किती लांब हे गावाला तोंडपाठ, आपल्याला लांब गाणं यावं म्हणून रांगेत ढकलाढकली सुरू झाली. शेवटी ठराव क्रमांक सात आला. गाणं त्याच आठवड्यात निघालेलं असावं, म्हणजे त्याची लांबी कुणालाच ठाऊक नसेल. आणि कुठलं कधी लागेल ते सेक्रेटरीच्या फोनने आपलं आपण ठरवावं.

तेव्हापासून कुठेही नवं गाणं निघो, चार दिवसांत हिवरवाडीचं त्यावर मत तयार असतं.

रॅप गावाला मुळीच आवडत नाही. "दोन मिनटांत हज्जार शब्द बोलतो अन् पळून जातो. मागं पोलीस लागल्यात का त्याच्या?" असं भिवराबाई म्हणतात. त्यांच्या नशिबी लागोपाठ चार दिवस रॅप आलं होतं. एका मुलीचं गोडगोड पॉप गाणं निघालं तर आप्पारावांनी निकाल दिला, "आवाज साखरंवानी, पण पोरीत दम न्हाई. सव्वादोन मिनटांत गार." याउलट, स्वतःच रचायचं, स्वतःच गिटार वाजवायची आणि घरबसल्या गायचं अशी जी नवी मंडळी आहेत, ज्यांना इंडी म्हणतात, ती गावाला देवाच्या जागी. "दीड मिनिट नुसतं तुणतुण! गाणं सुरूच व्हईना! लई मोठा कलाकार." असल्याच एका कलाकाराने गाण्याच्या मध्यावर सगळं थांबवलं, संपलं समजून छबुबाईंनी भिवराबाईंच्या हातून पाइप ओढला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. झटापटीत बादलीभर पाणी मातीत गेलं. त्या गायकाचा निषेध संस्थेच्या इतिवृत्तात नोंदलेला आहे.

या सगळ्यात आतल्या आत झुरत होता तो राधाकिशन. त्याला गाणी खरोखरच आवडत. टँकरची वाट बघत तो शाळेपुढच्या कडुलिंबाखाली बसे. समोर उन्हात रस्ता हलत असे, दूरची एसटी जमिनीला न टेकताच आल्यासारखी दिसे, आणि त्याच्या मनात कुठलं तरी सूर नसलेलं, शब्द नसलेलं असं गाणं नुसतं तरंगत राही. असंच एक तरंगता तरंगता जमिनीवर आलं. माजलगावात त्याच्या मित्राचं लग्नाच्या बँडचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून दोघांनी ते रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर सोडलं. गाण्याचं नाव 'दुपार'. गायकाचं खरं नाव द्यायला राधाकिशन लाजला, म्हणून नुसतं 'धूळवाट'. लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्यात घडत काहीच नाही. मधलं कडवं तर असं:

कावळा गेला इकडून तिकडं,
तिकडून कुठं ते कळलं न्हाई,
तेवढंच झालं दुपारभर,
दुसरं काही घडलं न्हाई.

या कडव्यावर राधाकिशनचा जीव होता. गाणं चार दिवसांत तेरा वेळा ऐकलं गेलं, त्यातल्या अकरा वेळा त्यानेच ऐकलेलं. बायको सत्यभामा ऐकून म्हणाली, "बरं हाय." पण ती मेथीच्या भाजीलाही बरं हाय म्हणते आणि जावेलाही. राधाकिशनला कुणाचं तरी एक खरं मत हवं होतं. चांगलं असो, वाईट असो, पण गाण्याबद्दलचं. म्हणून त्या दिवशी त्याने गुपचूप आपलं गाणंही यादीत घातलं आणि फोनने ते नेमकं नवव्या पाळीला, चंद्रभागाबाईंना दिलं.

ड्रम भरले. हंडे भरले. चंद्रभागाबाई ओरडल्या तशी त्यांची सून घराकडे पळाली आणि बादल्या, परात, पातेली, शेवटी जावयाचं हेल्मेट घेऊन आली. गाणं सुरूच. संपलं तेव्हा चंद्रभागाबाईंनी दोन्ही हात स्पीकरला जोडले.

"कोण हाय हा गायक? देवमाणूस हाय, देवमाणूस!"

राधाकिशनचे कान गरम झाले. "काकू, खरंच आवडलं का?"

"आवडलं म्हंजे? हेल्मेट भरलं की रं!"

यातलं दुसरं वाक्य राधाकिशनला ऐकूच गेलं नाही. तो जमिनीपासून चार बोटं वर होता. तेवढ्यात सुंदरराव त्याच्या कानाशी आले. पुढची पाळी त्यांच्या घरची होती.

"राधाकिशन, आता तेच लाव."

"फोन ठरवतो, साहेब."

"फोन कुणाच्या हातात हाय?"

"माझ्या. पण ठरावात बसत न्हाई."

"गाणं ह्याच आठवड्यातलं हाय का?"

"हाय."

"मग बसतं."

एरवी राधाकिशन अशा वेळी इतिवृत्ताची वही उघडून भांडला असता. पण त्या दिवशी सेक्रेटरीचं काही चाललं नाही, गायकाचं चाललं. आणखी एकदा लागलं तर बिघडलं कुठे, असं म्हणत त्याने बटण दाबलं. सावित्रीबाईंनी घरातली लोणच्याची बरणीसुद्धा धुऊन आणली. चेअरमनला लागलं म्हटल्यावर अकराव्या घराने तेच मागितलं, मग बाराव्याने. मागच्यांनी हरकत घ्यायला हवी होती; पण जो तो मनात म्हणत होता, आपल्यालाही हेच लागणार आहे, गप बसा. हिशेब कुणीच केला नाही.

चार वाजले होते. लिंबाची सावली टँकरखाली शिरली होती. रांगेतली माणसं हंड्यांवर बसून पेंगत होती. राधाकिशन डोळे मिटून ओठ हलवत बसला होता. आपण गावभर पसरलोय, धुळीवर, पत्र्यांवर, शेळ्यांच्या पाठीवर, असं काहीतरी त्याला वाटत होतं. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं.

नवव्यांदा गाणं लागलं. कावळा इकडून तिकडे गेला, आणि पाइपाने दोन उचक्या देऊन वारा सोडला. टँकर संपला. मागे अकरा घरं कोरडी.

मग जे ऐकावं लागलं ते राधाकिशनने सगळं ऐकलं. "रडका मेला!" भिवराबाई ओरडल्या. "गातोय का कण्हतोय?" छबुबाई म्हणाल्या, "कोण हाय त्यो, त्याला हितं आणा, पाइपाला बांधा." सगळ्यात शेवटी, अठ्ठाविसाव्या नंबरावर, कडूबाई नावाची म्हातारी रिकाम्या हंड्यावर बसली होती. ती डोळे चोळत होती.

सुंदररावांनी ओळखलं, आता बरणी अंगाशी येणार. त्यांनी तिथेच तातडीची सर्वसाधारण सभा लावली. गणपूर्तीचा प्रश्न नव्हता, सगळं गाव समोरच होतं. पहिला ठराव झाला की लांब गाणं मिळालेल्या नऊ घरांनी जादाचं पाणी कोरड्या घरांत वाटावं. चंद्रभागाबाईंनी हेल्मेट तेवढं ठेवून घेऊ का, म्हणून विचारून पाहिलं. दुसरा विषय गाण्याचा. नऊ घरं म्हणाली, गाणं ठेवा. अकरा म्हणाली, जाळा. आठ तटस्थ. मग सहकारात जे होतं ते झालं: गाणं ठेवायचं, पण अर्धं. तीन मिनिटांचं.

"पण कुठलं अर्धं?" आप्पारावांनी विचारलं.

हे ठरवायचं तर गाणं नीट ऐकायला हवं होतं. म्हणून हिवरवाडीच्या इतिहासात पहिल्यांदा, पाइप बंद असताना, गाणं लागलं. हातात भांडं नाही, नजर ठेवायला नंबर नाही. शेळ्या रवंथ करत थांबल्यासारख्या झाल्या. गिटार उन्हासारखी हळूहळू चढली. कुणाच्या तरी कडेवरचं पोर मान टाकून झोपलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद गाव नुसतं बसून राहिलं.

मग आप्पाराव खाकरले. "सुरवातीचं तुणतुण काढा."

"सुरवात ऱ्हाऊ द्या," भिवराबाई म्हणाल्या. मघाशी जाळा म्हणणाऱ्या त्याच. "ऊन चढल्यावानी चढतंय ते. शेवट काढा."

"शेवट कसा काढता? शेवटाला तर बरं वाटतंय," छबुबाई म्हणाल्या.

राधाकिशन इतिवृत्त लिहीत होता. हेच तर त्याला हवं होतं! गाव त्याच्या गाण्यावर भांडत होतं, आणि मिनिटांचं नाव कुणी काढत नव्हतं.

तेवढ्यात कडूबाई म्हणाली, "मधला कावळा काढा."

"मंजूर!" सुंदरराव म्हणाले.

"मंजूर! मंजूर!" सगळे ओरडले. कावळ्याला सभेत कुणी नातेवाईक नव्हता.

राधाकिशनचं पेन थांबलं. गप बसला तर कावळ्याविना का होईना, गाणं जगणार होतं आणि सेक्रेटरीपद शाबूत राहणार होतं. बोलला तर, गावाचं पाणी स्वतःच्या गाण्यापायी घालवलं, हे गावाला कळणार होतं. त्याने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि उभा राहिला.

"कावळा काढला तर गाणं मेलं! आख्ख्या दुपारभरात तेवढंच घडतंय. तेबी काढलं तर ऱ्हातं काय?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"तुला कावून येवढं लागलं बे?" सुंदररावांनी विचारलं. "अन् तेवढंच घडतंय, हे तुला काय ठाऊक?"

"मी बसलतो की तिथं."

"कुठं?"

"ह्या लिंबाखाली. त्यो कावळा म्याच बघितलाय."

चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! त्यो देवमाणूस म्हंजे ह्यो?"

त्यांचा जो भ्रमनिरास झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. मग बराच गलका झाला. शेवटी असं ठरलं की राधाकिशनला काढून टाकता येत नाही, कारण इतिवृत्त लिहायला गावात दुसरं कुणी तयार नाही. मात्र त्याच्या घराला आठ दिवस रॅपच लागेल, तेही दोन मिनिटांच्या आतलं. आणि 'दुपार' हे गाणं पाण्याच्या कामातून कायमचं बाद. हा ठराव राधाकिशनने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढला. सत्यभामाने रिकामी बादली उचलली.

"आठ दिस रॅप," ती म्हणाली. "बरं हाय."

लोक वाटणीचं पाणी घेऊन पांगले. सावित्रीबाईंनी कडूबाईच्या हंड्यात बरणी ओतली आणि वर एक कळशी घातली. म्हातारी तरी उठेना. राधाकिशन हंडा पोचवायला म्हणून तिच्याजवळ गेला. खरं तर त्याला तिच्यावर राग होता.

"चला मावशे."

"जाऊ की. ते लाव आधी."

"काय?"

"तुझं गाणं. पुरं लाव."

राधाकिशनने तिच्याकडे पाहिलं, मग फोन काढला आणि आवाज लहान करून गाणं लावलं. म्हातारी लिंबाच्या बुंध्याला टेकली. कावळ्याचं कडवं सुरू झालं आणि तिचं तोंड उघडं पडलं. ती चक्क घोरू लागली. हवं होतं ना खरं मत, घे म्हणावं. त्याने हळूच गाणं बंद केलं.

"बंद कावून केलंस?" डोळे न उघडताच कडूबाई म्हणाली.

"झोपलात की तुमी."

"मंग? पंधरा दिस झाले बाबा. ह्या उकाड्यात पापणीला पापणी न्हाई लागली. आज रांगेत बसलते, तवा ह्यो तुझा कावळा आला का मान पडायची. दर खेपंला. लई गोड झोप."

"मग कावळा काढा कावून म्हणलात?"

"पाण्याच्या रांगेत झोप लागली तर नंबर जाईल की रं," म्हातारी म्हणाली आणि कूस बदलली. "आता पाणी मिळालंय. लाव."

राधाकिशनने हंडा सावलीत सरकवला, तिच्या शेजारी खाली बसला आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून लावलं.